गंज, मुरूम आणि परग्रह

विज्ञानकथेवर बेतलेल्या बोर्डगेमच्या खोक्यात पट असतो, फासे असतात, पत्त्यांचे गठ्ठे असतात आणि प्लास्टिकच्या खाचांत रुतवून ठेवलेले राखाडी पुतळे असतात. अंतराळातले सैनिक, यंत्रमानव, दोन-चार शास्त्रज्ञ आणि त्यांच्या मागे लागलेलं सहा पायांचं कुणीतरी. खेळ रंगाशिवाय खेळता येतो. बहुतेक लोक तसाच खेळतात आणि त्यांचं काही अडत नाही. ही पुस्तिका उरलेल्यांसाठी आहे. हातातल्या बोटभर पुतळ्याचं चिलखत नवं असेल की जुनं, तो आत्ताच यानातून उतरला असेल की महिनाभर चिखलात चालत असेल, असले प्रश्न ज्यांना पडतात त्यांच्यासाठी.

कोणता रंग किती पाण्यात कालवायचा, ब्रश कसा धरायचा, हे पुढच्या प्रकरणांत क्रमाने येईल. प्रस्तावनेत मला वेगळ्याच गोष्टीबद्दल बोलायचं आहे. परग्रह कुणी पाहिलेला नाही. पडीक अंतराळयान कुणी पाहिलेलं नाही. मग ते रंगवायचं कशाच्या आधारे? सर्रास मिळणारं उत्तर असं, की इंटरनेटवर दुसऱ्या कुणीतरी रंगवलेल्याची छायाचित्रं बघून. त्यातून नकलेची नक्कल तयार होते. सगळ्यांचे सैनिक त्याच निळ्या रंगाचे, सगळ्यांचा गंज त्याच नारिंगी रंगाचा. माझं उत्तर थोडं गावंढळ वाटेल. बदलापूरला गाडीतून उतरा आणि बारवी धरणाच्या रस्त्याला लागा.

त्याआधी या छंदाच्या खानदानाबद्दल थोडं. एच. जी. वेल्सचं 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' १८९८ साली पुस्तकरूपात आलं. मंगळवासीयांना पृथ्वीवर उतरवणाऱ्या याच लेखकाने १९१३ साली 'लिटल वॉर्स' नावाचं पुस्तक लिहिलं. त्यात खेळण्यातल्या सैनिकांनी घराच्या फरशीवर लढाई कशी खेळायची याचे नियम आहेत. म्हणजे विज्ञानकथा आणि बोटभर सैनिक यांची सोयरीक शंभर वर्षांहून जुनी आहे. पुढे १९८७ मध्ये इंग्लंडच्या गेम्स वर्कशॉपचा 'वॉरहॅमर ४०,०००' आला आणि १९८९ मध्ये त्याच कंपनीचा 'स्पेस हल्क'. त्यात अंतराळात भरकटलेल्या पडीक जहाजाच्या बोळांतून जाडजूड चिलखतातले सैनिक आणि चार हातांचे परग्रही एकमेकांना शोधत फिरतात. मग 'स्टार वॉर्स: इम्पीरियल असॉल्ट' २०१४ मध्ये, पोलंडच्या कंपनीचा 'नेमेसिस' २०१८ मध्ये. नावं आणखी पुष्कळ देता येतील. रंगवणाऱ्याच्या दृष्टीने त्यांतला फरक फार नाही, कारण सगळ्यांचे पुतळे साधारण त्याच मापाचे: पायापासून डोळ्यापर्यंत अठ्ठावीस मिलिमीटरच्या आसपास. खऱ्या माणसाच्या साठाव्या हिश्श्याएवढे.

हे विलायती वेड आहे असं कुणी म्हणालं तर मी सावंतवाडीकडे बोट दाखवतो. तिथली दशावतारी गंजिफा हा हाताने रंगवलेला खेळ. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात बारा, अशी एकशेवीस गोल पानं चिताऱ्यांनी एकेक करून रंगवायची. ही कला मोडीत निघाली होती, ती सावंतवाडीच्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी पुन्हा उभी केली. गंजिफाकडून बोर्डगेमवाल्याने शिकावी अशी मोठी गोष्ट म्हणजे पानाच्या पार्श्वभूमीचा रंग. मत्स्याचं पान कुठलं आणि वामनाचं कुठलं हे खेळणाऱ्याला चित्र न्याहाळायच्या आधीच, नुसत्या रंगावरून कळलं पाहिजे. चितारी कितीही हौशी असला तरी हे भान सोडत नाही. आपण मात्र पाच सैनिकांना पाच तऱ्हेच्या करड्या छटा देतो आणि खेळताना विचारतो, अरे, यातला डॉक्टर कोणता?

दुसरं घराणं दिवाळीतल्या किल्ल्याचं. दगड, माती, वर भिजवलेलं गोणपाट, त्यावर पेरलेली मोहरी किंवा अळीव आणि कुंभारवाड्यातून आणलेली 'चित्रं': सिंहासनावर महाराज, तटावर मावळे, पायथ्याशी गवळण आणि हत्तीपेक्षा मोठा वाघ. प्रमाणाची ही गंमत मला अजून आवडते. पण त्या मावळ्यांच्या रंगकामाकडे नीट पाहा. गेरवा, पांढरा, काळा, तांबडा, एवढ्या चार-पाच रंगांत कारागीर माणूस उभा करतो, ते ब्रशच्या मोजक्या फटकाऱ्यांत. त्याला शेकडो नग काढायचे असतात. म्हणून तो एक रंग घेऊन सगळ्यांचे फेटे करतो, मग दुसरा घेऊन सगळ्यांचे अंगरखे. खोक्यातले तीस पुतळे हातावेगळे करायचे तर याहून चांगली पद्धत नाही. एकेक पुतळा पूर्ण करत बसणारे बहुतेक जण सातव्या-आठव्याला थकतात आणि खोकं माळ्यावर जातं.

तिसरं पेण. तिथल्या आणि हमरापूर-जोह्यासारख्या आसपासच्या गावांतल्या गणपतीच्या कारखान्यांत रंगकाम अनेक हातांतून जातं. डोळ्यांची आखणी मात्र अनुभवी हाताकडेच राहते. तिथे बसून पाहिलं तर कळतं, की आखणीवाला बुबुळापासून सुरुवात करत नाही. आधी पापणीची रेघ, मग बाकीचं. आपल्या पुतळ्याचा अख्खा चेहरा जेमतेम चार मिलिमीटरचा, डोळा अर्ध्या मिलिमीटरचा. तिथे पांढरा ठिपका आणि त्यात काळा ठिपका दिला की हमखास भूत पाहिल्यासारखा चेहरा होतो. माझं मत स्पष्ट आहे: या मापाला डोळा काढूच नये, भुवईखालची सावली काढावी. हातभर अंतरावरून दिसते ती सावलीच.

सावलीचा विषय निघालाच आहे, तर अंबरनाथला थांबू. शिलाहारांनी बांधलेलं, शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख असलेलं ते शिवमंदिर काळ्या दगडाचं आहे. त्यावर रंग नाही. तरीही उन्हाच्या वेळी बाहेरच्या भिंतीवरची एकेक मूर्ती वेगळी उठून दिसते, कारण शिल्पकाराने दगड खोल कापला आहे आणि उन्हाने उरलेलं काम केलं आहे. सकाळी एक बाजू उजळते, संध्याकाळी दुसरी. पुतळ्याला ही चैन नाही. तो घरात, ट्यूबलाइटखाली, पटावर उभा असतो. तिथे उजेड छतावरून आणि भिंतींवरून चहूकडून येतो आणि हनुवटीखालची, काखेतली, पट्ट्याखालची सावली पुसून टाकतो. म्हणून ती रंगाने घालावी लागते. हा या कलेचा गाभा म्हणायला हरकत नाही. लाल चिलखत लाल रंगवणं कुणालाही जमतं. त्या लालावर उजेड कुठून पडतो आहे हे ठरवणं आणि मग साऱ्या पुतळ्यावर त्या ठरावाशी इमान राखणं, हे काम अवघड.

उजेड कुठून घ्यावा? शिकणाऱ्याने सरळ डोक्यावरून घ्यावा. आपल्या अक्षांशावर वर्षातून दोनदा, मेच्या मध्यावर आणि जुलैच्या शेवटी, सूर्य भर दुपारी नेमका माथ्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली काठीच्या पायातच नाहीशी होते. यालाच शून्य सावलीचा दिवस म्हणतात. जुलैमधला दिवस इकडे ढगांतच जातो, पण मेमधला कधी चुकवू नका. त्या दुपारी फलाटावर उभ्या असलेल्या माणसांचे चेहरे पाहा: कपाळ, नाकाचा शेंडा आणि खांदे भाजून निघालेले, डोळ्यांच्या खोबणी आणि मान काळोखात. पुस्तिकेत काळ्या प्रायमरवर वरून पांढऱ्याचा फवारा मारण्याची जी युक्ती दिली आहे, ती म्हणजे हीच दुपार पुतळ्यावर उतरवणं.

आता धरण. बारवी धरण एमआयडीसीचं, १९७२ सालचं. पुढे त्याची उंची वाढवली, स्वयंचलित दरवाजे बसवले, आणि वाढलेल्या पाण्याखाली काही पाडे गेले. बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरपासून ठाण्याच्या कारखान्यांपर्यंत कितीतरी जणांची तहान या पाण्यावर भागते. ते शुद्ध होतं जांभूळच्या केंद्रात आणि तिथून पोलादी नळांतून पुढे जातं. काटई-बदलापूर रस्त्याला सगळे पाइपलाइन रोडच म्हणतात. रोज त्या रस्त्याने जाणाऱ्यांना ते नळ दिसेनासे झालेले असतात. रंगवणाऱ्याने मात्र तिथे गाडीवरून उतरून अर्धा तास काढावा.

नवशिका गंज कसा काढतो? नारिंगी रंग घेतो आणि चिलखतावर सगळीकडे थोपटतो. खरा गंज असा कुठेही उगवत नाही. तो सांध्याशी सुरू होतो, वेल्डिंगच्या रेषेशी, बोल्टच्या मुळाशी, व्हॉल्व्हच्या मानेखाली. जिथे पाणी अडतं आणि रंगाचा पापुद्रा सुटतो तिथे. मुळाशी तो जवळपास काळा-तपकिरी असतो, कडेला विटकरी होतो आणि नारिंगी फक्त ताज्या, ओल्या भागात दिसतो. तिथून ओघळ खाली येतो. वर दाट, खाली विरत जाणारा, आणि नळ गोल असल्यामुळे पोटाखालच्या वळणावर येऊन थबकणारा. व्हॉल्व्हमधून पाणी सतत ठिबकत असेल तर तिथे गंजाला शेवाळाची हिरवी किनार असते, आणि पावसाळ्यात चक्क नेचे उगवलेले असतात. काँक्रीटच्या आधारांवर चुन्याचे पांढरे ओघळ, त्यावर काळी बुरशी. उन्हाकडच्या बाजूचा रंग भुकटी होऊन फिका पडलेला, सावलीकडचा अजून गडद. आणि खाली जमिनीलगत, पावसाच्या थेंबांनी उडवलेल्या मातीची तांबूस पट्टी, साधारण गुडघ्याच्या उंचीपर्यंत. तिच्यावर एकदम संपणारी.

यातली प्रत्येक खूण कशाने तरी झाली आहे. पाणी, ऊन, वजन, वारा, माणसाचा हात. पुतळ्यावर डाग देण्याआधी तो का पडला हे सांगता आलं पाहिजे, एवढाच माझा आग्रह आहे. सांगता आलं की तो कुठे द्यायचा आणि किती लांब हे आपोआप कळतं. पुतळा साठाव्या हिश्श्याचा, म्हणजे दोन मिलिमीटरचा ओघळ खऱ्या चिलखतावर बारा सेंटिमीटरचा झाला. कोपरावर तेवढा ओघळ येईल का? येत असेल तर द्या.

आणि इथेच पाइपलाइनचा धडा उलटतोसुद्धा. गंजाला पाणी आणि प्राणवायू लागतो. ओघळाला तर खाली ओढणारं वजन लागतं. जिथे हवा नाही, पाणी नाही, वजन नाही, तिथे यानाच्या बाहेरच्या पत्र्यावर तपकिरी ओघळ कसे येतील? तरी निम्म्याहून जास्त रंगवलेल्या यानांवर ते असतात. आतल्या बोळात, दमट हवेत गळक्या नळीखाली गंज असेल, मान्य. बाहेर मात्र उल्केच्या कणांनी पडलेले बारीक खड्डे असतील, उन्हाने करपलेला रंग असेल. चंद्रावर उतरलेल्या सैनिकाच्या पायाला गंज नको, राखाडी धूळ हवी: अपोलोच्या अंतराळवीरांचे पांढरे पोशाख त्या धुळीने मळून गेले होते आणि झटकून ती निघत नव्हती. अर्थात निसर्ग नियमाला गाठी मारून ठेवतो. चांद्रयान-१ वरच्या उपकरणाच्या नोंदींवरून चंद्राच्या ध्रुवांकडे हेमॅटाइट, म्हणजे एका अर्थी गंजच, असल्याचं २०२० मध्ये प्रसिद्ध झालं. त्यामुळे कुणी चंद्रावरच्या दगडाला किंचित तांबूस छटा दिली आणि वर हे कारण सांगितलं, तर त्याला पैकीच्या पैकी गुण.

हा काटेकोरपणा काहींना रुक्ष वाटेल. खेळण्यावर एवढं विज्ञान कशाला? पण मराठी वाचकाला याची सवय असायला हवी. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली आणि ती पहिली आली. त्या कथांनी पुढे एका पिढीला जे शिकवलं ते असं, की कल्पनेला मोकळं सोडायचं, पण ती ज्या नियमावर उभी आहे तो अर्ध्यावर मोडायचा नाही. तेच चार हातांच्या परग्रहीला लागू आहे. त्याचं कातडं जांभळं असो की हिरवं, तो अंधारात राहतो की उन्हात हे ठरवा आणि मग पोटाकडचा रंग पाठीपेक्षा फिका ठेवायचा की नाही ते पाहा. बारवीच्या काठावरचा बेडूक आणि सरडा याबाबतीत कुठल्याही पुस्तिकेपेक्षा जास्त सांगतील.

राहता राहिली पुतळ्याच्या पायाखालची जमीन. दुकानात परग्रहाच्या मातीच्या नावाने छोट्या डब्या मिळतात, महाग असतात, आणि बदलापूरच्या माणसाने त्या विकत घ्याव्यात यासारखा विनोद नाही. आपण ज्यावर उभे आहोत तो दख्खनचा काळा कातळ बेसाल्टचा आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. चंद्रावर जे काळे डाग आपल्याला दिसतात तीही बेसाल्टची मैदानंच. मंगळाचा बराचसा पृष्ठभाग त्याच दगडाचा, आणि त्याचा तांबडेपणा लोहाच्या ऑक्साइडचा. आपल्या मुरमाचा तांबडेपणा येतो तोही लोहातूनच. बुलढाण्याचं लोणार हे बेसाल्टमध्ये उल्कापाताने झालेलं विवर, म्हणून चंद्र-मंगळावरच्या विवरांचा अभ्यास करणारे तिथे येतात. मेमध्ये धरणाचं पाणी ओसरलं की काठावर उघड्या पडणाऱ्या पट्ट्यांत मंगळ तयारच असतो. धरणाच्या हद्दीत उतरायची गरज नाही, परवानगीही नसते. रस्त्याच्या कडेचा मूठभर मुरूम पुरतो. तो तव्यावर भाजून घ्या, नाहीतर महिन्याभरात त्यातून काहीतरी उगवेल किंवा चालू लागेल. मग चहाच्या गाळणीने चाळा. गाळणीवर उरलेला मिलिमीटरचा खडा पुतळ्याच्या जगात सहा सेंटिमीटरचा धोंडा होतो, आणि खाली पडलेली पूड ही धूळ. पांढऱ्या फेव्हिकॉलवर आधी धोंडे, मग धूळ.

साहित्याबद्दल थोडक्यात. बाहेरच्या देशांतले रंग उत्तम असतात, त्यांची बारीक दळण आणि पातळ केल्यावरही न फुटणं याला तोड नाही. पण पहिल्या खोक्यासाठी ते हवेतच असं नाही. दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये शाईपासून सुरू केलेल्या कॅमलिनचे ॲक्रिलिक रंग आपल्याकडे गल्लीतल्या स्टेशनरीतही मिळतात. ते दाट असतात, थोडे चमकतात, म्हणून पातळ करून दोन-तीन हात द्यावे लागतात आणि शेवटी मॅट वॉर्निश लागतं. एवढं सांभाळलं की भागतं. ब्रश कृत्रिम केसांचा घ्या. दुकानदार मुंगसाच्या केसांचा म्हणून काही काढून दाखवू लागला तर घेऊ नका. मुंगूस वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो आणि तो व्यापार गुन्हा आहे. रंग कोरडा पडू नये म्हणून पोळ्यांच्या जुन्या डब्यात ओला स्पंज आणि वर बटर पेपर ठेवला की पॅलेट तयार. वैशाखात त्याच्याशिवाय काम होत नाही. रंग ब्रशच्या टोकावरच सुकतो.

पावसाळ्याचं मात्र गंभीरपणे घ्या. जून ते सप्टेंबर इकडच्या हवेत जेवढा दमटपणा असतो, तेवढा स्प्रे कॅनवाल्यांनी गृहीत धरलेला नसतो. अशा हवेत मारलेला प्रायमर खरखरीत पडतो आणि मॅट वॉर्निश तर पांढरं मारतं: महिनाभराची मेहनत दुधात बुडवल्यासारखी दिसते. हे ज्ञान नवं नाही. कल्याण-अंबरनाथ रस्त्यावर गाड्यांचं डुको काम करणाऱ्याला किंवा उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातल्या पॉलिशवाल्याला विचारा. भर पावसात फवारा मारायचा की नाही हे तो आकाशाकडे बघून सांगेल. या लोकांकडून कॉम्प्रेसरचा दाब, थिनरचं प्रमाण आणि दोन हातांमधला वेळ शिकता येतो, आणि ते हातचं राखून सांगत नाहीत. पावसात प्रायमर ब्रशनेच लावा, वॉर्निशही ब्रशनेच. फवाऱ्याची कामं दसऱ्यानंतर.

एअरब्रश या पुस्तिकेत मुद्दाम ठेवलेला नाही. थ्रीडी प्रिंटरवर घरी काढलेल्या रेझिनच्या पुतळ्यांबद्दल एकच पान आहे, आणि त्यातही हातमोजे, मास्क व उघडी खिडकी यांवरच भर आहे. न वाळलेलं रेझिन कातडीला लागू देऊ नये.

प्रकरणांचा क्रम मोडला तरी चालेल, एक सोडून. खोक्यातला नायक आधी रंगवायला घेऊ नका. बोटं वळायच्या आधीच तो हातात आला तर त्याच्यावर शिकाऊ हात उमटतो आणि खेळ सुरू झाला की दरवेळी तोच पटाच्या मध्यभागी असतो. सुरुवात त्या एकसारख्या दिसणाऱ्या दहा-बारा परग्रहींपासून करा. त्यांना कोमट पाण्यात साबणाने धुऊन घ्या, साच्याचं तेल निघालं पाहिजे. साच्याच्या दोन भागांची शिवण अंगावरून जाते ती कटरच्या पात्याने खरवडा, मग बारीक पॉलिश पेपर फिरवा. आणि मग सगळ्यांच्या पाठी एका दिवशी, सगळ्यांची पोटं दुसऱ्या दिवशी.